शाइस्ता मॅडमचा चिंचोक्यांचा बाजार

शाइस्ता मॅडम आमच्याकडे आल्या त्या वर्षी अकरावी कलाच्या वर्गात अर्थशास्त्र घेतलेली मुलं खिडकीकडच्या एका रांगेत मावत होती. जानेफळचं आमचं कनिष्ठ महाविद्यालय म्हणजे शाळेच्याच इमारतीची मागची बाजू. मी तिथे मराठी शिकवायचो. दोन वर्गांमधली भिंत इतकी पातळ की त्यांचा तास मला माझ्या वर्गात बसून ऐकू यायचा. मी मुलांना निबंध लिहायला लावायचो आणि स्वतः भिंतीला कान लावून बसायचो.

त्या मूळच्या अमडापूरच्या. वडील अकीलभाई गाद्या भरण्याचं काम करत. कापूस पिंजायचा, गावोगाव फिरायचं, लग्नसराईत रात्रंदिवस टाके घालायचे. पुष्कळ ठिकाणी मजुरी म्हणून ज्वारी मिळे, कुठे तुरी, कुठे गूळ. शाइस्ताच्या अकरावीच्या प्रवेशाची मुदत संपत आली होती त्या आठवड्यात एका शेतकऱ्याने दोन गाद्यांच्या बदल्यात त्यांच्या हातात बकरीचं पिल्लू दिलं. ते पिल्लू घेऊन अकीलभाई घरी आले तेव्हा सुगराबी, म्हणजे शाइस्ताची आई, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "अब इसकू कॉलेज के टेबल पे बांधूं क्या?"

मग बाप-लेक पिल्लू घेऊन निघाले. ज्याच्याकडे रोकड होती त्याला बकरी नको होती. ज्याला बकरी हवी होती त्याच्याकडे द्यायला नुसता हरभरा होता. खाटिक लगेच घ्यायला तयार होता, पण तोवर पिल्लाने शाइस्ताच्या ओढणीचा कोपरा चघळून तिच्याशी दोस्ती केली होती, म्हणून ते जमेना. दिवस कलला तेव्हा कुठे एका विधवा बाईने पाळायला म्हणून ते घेतलं आणि प्रवेश झाला.

पुढे चिखलीला बी.ए. करताना ग्रंथालयात त्यांनी एक वाक्य वाचलं. वस्तुविनिमय घडायचा असेल तर एकाला जे द्यायचं आहे तेच दुसऱ्याला नेमकं हवं असलं पाहिजे, आणि दुसऱ्याकडे असलेलं पहिल्याला. पुस्तकात त्याला गरजांचा दुहेरी संयोग म्हटलं होतं. त्या मोठ्याने हसल्या. ग्रंथपालाने बाहेर जायला सांगितलं. "सर, मले इतका आनंद झाला होता का, मी त्या बाहेरच्या पायऱ्यांवर बसून पुढची चार प्रकरणं वाचून काढली," त्या मला सांगायच्या. "आमची बकरी पुस्तकात होती हो."

एम.ए. झालं, बी.एड. झालं आणि आमच्याकडे तासिका तत्त्वावर नेमणूक मिळाली. म्हणजे घेतलेल्या तासांचा मोबदला, सुट्टी आली की काही नाही. त्यातच प्राचार्य किसनराव सरांनी पहिल्या महिन्यात स्पष्ट सांगून टाकलं होतं की विषयाला मुलं मिळाली नाहीत तर पुढच्या वर्षी अर्थशास्त्र बंद करावं लागेल. सर वाईट माणूस नव्हते. त्यांच्यावरही वरून दबाव होता.

सुरुवातीचे तास फारच निमूट गेले. मुलं व्याख्या पाठ करून आणायची आणि म्हणून दाखवायची. दुर्मिळता म्हणजे काय, उपयोगिता म्हणजे काय. भिंतीपलीकडून मला वाटायचं, कुणीतरी पाढे म्हणतंय. मग सोयाबीनच्या सोंगणीच्या, म्हणजे कापणीच्या, दिवसांत एकदा अर्धा वर्ग रिकामा असताना मॅडमनी पुस्तक मिटल्याचा आवाज मला ऐकू आला.

"प्रतीक्षा, तू आज कॉलेजात आली. तुले किती खर्च आला?"

"काहीच नाही मॅडम. एसटीचा पास फुकट आहे."

"आली नसती तर काय केलं असतं?"

"सोंगायले गेली असती. आई तिकडंच गेली ना आज."

"मग सोंगणीची मजुरी बुडाली का नाही? तो तुझ्या आजच्या दिवसाचा खर्च. खिशातून गेला नाही म्हणून तो दिसत नाही. एक गोष्ट निवडली का दुसरी सोडावी लागते, आणि सोडलेल्यापैकी जी सगळ्यात चांगली होती ती आपली खरी किंमत. याले संधी खर्च म्हणतात."

मग प्रतीक्षा हळूच म्हणाली, "बापा, मंग तर हा तास लयच महाग पडला मले. आता चांगलं शिकवा मॅडम."

वर्ग हसला, मॅडमही हसल्या. त्या दिवसापासून तिथला आवाज बदलला. दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण आपापला हिशेब सांगत होता. गजेंद्र म्हणाला, मी क्रिकेट सोडून आलो. प्रसेनजित म्हणाला, मी झोप सोडून आलो, आणि मॅडमनी त्याला विचारलं की मग तू झोपेची किंमत कमी का धरतोस. सीमान्त उपयोगितेच्या तासाला त्याच प्रसेनजितला त्यांनी एकामागून एक कचोऱ्या खायला घातल्या. पहिलीला त्याने डोळे मिटले. चौथीला तो म्हणाला, "मॅडम, ही मले शत्रूले द्यावीशी वाटून राह्यली." फळ्यावर त्याच्या समाधानाची उतरती रेघ काढली गेली आणि ती पुसायची नाही असं वर्गाने ठरवलं. मी त्याच फळ्यावर नंतर समास शिकवला, रेघेच्या बाजूने जागा काढून.

जानेवारीत पैशाचा पाठ आला. मॅडम म्हणाल्या, पुस्तक उघडायचं नाही. शनिवारी प्रत्येकाने घरून एक वस्तू आणायची, किंवा येत असेल तर एखादं काम करून द्यायचं. खिशातला पैसा कुणी बाहेर काढायचा नाही. नुसती अदलाबदल.

प्रतीक्षाने शेंगदाण्याचे लाडू आणले. गजेंद्रने टोपलीभर जांब आणले, पेरूला आमच्याकडे जांबच म्हणतात. प्रेरणाने मेंदीचे कोन आणले आणि मी हातावर काढून देईन म्हणाली. प्रसेनजितने खांद्यावरून एक भलं मोठं लाल कोहळं, म्हणजे भोपळा, आणलं आणि बाकावर ठेवलं. बाकीच्यांनी काही ना काही.

घटकाभरात सगळं अडलं. प्रसेनजितला लाडू हवे होते, पण प्रतीक्षाला कोहळं नको होतं. तिला मेंदी हवी होती. प्रेरणाला जांब हवे होते. गजेंद्रला कोहळं चाललं असतं, पण अर्धंच.

"काप ना बे मंग," गजेंद्र म्हणाला.

"कापलं तर उरलेलं सोमवारपर्यंत सडन. तू घेशील का सडकं?"

वर्गभर सौदे आणि वाद. मॅडम खिडकीशी उभ्या राहून नुसत्या पाहत होत्या. मी माझा वर्ग सोडून दारात येऊन उभा होतो. तेवढ्यात प्रतीक्षाने कंपासपेटी उघडली. मधल्या सुट्टीत मुली चिंचोक्यांनी खेळत, ते तिच्या पेटीत होते. तिने चिंचोके बाकावर ओतले आणि म्हणाली, "हे वाटून घ्या. लाडू पाह्यजे त्यानं मले चिंचोके द्या. मी ते प्रेरणाले देतो, ती गजेंद्रले देईन. कोहळं कापाचं कामच नाही."

मॅडम खिडकीपासून निघाल्या त्या थेट प्रतीक्षाच्या बाकाशी. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "हे कोणी सांगितलं तुले?"

"कोणी नाही मॅडम. चुकलं का?"

"अगं, माणसाईले हे सुचाले किती काळ लागला असन माहीत आहे? तुले एका तासात सुचलं." त्या वळून माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सर, पाहिलं ना तुम्ही?"

पाहिलं होतं. मीही काहीतरी विकायला आणायला हवं होतं असं मला वाटत होतं.

मग ठरलं की पुढच्या शनिवारी मोठा बाजार भरवायचा, मैदानात, लिंबाखाली, सगळ्या कॉलेजासाठी. येणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीला सारखेच मूठभर चिंचोके द्यायचे. तो आठवडा आमच्या इमारतीत दुसरा विषय नव्हता. विज्ञान शाखेची मुलं विचारायला यायची की आम्हीपण दुकान लावू का. एक मुलगा सायकलची पंक्चर काढून देणार होता, एक मुलगी चहा करणार होती. किसनराव सरांनी परवानगी दिली आणि स्वतःच्या वाट्याचे चिंचोके शर्टाच्या खिशात टाकून घेतले.

शनिवारी सकाळी बाजार असा काही भरला की गावातली माणसं कंपाउंडबाहेर थांबून पाहू लागली. एका चिंचोक्याला एक लाडू, एकाला दोन जांब, एका हातावर मेंदीला पाच. प्रतीक्षाचे लाडू बघता बघता संपले. पण तिने लगेच काही घेतलं नाही. संध्याकाळी तिच्या चुलत बहिणीचं लग्न होतं, आणि दुपारी निवांतपणे प्रेरणाकडून दोन्ही हात कोपरापर्यंत भरून घ्यायचे असा तिचा बेत होता. सगळी कमाई रुमालात बांधून ती लिंबाच्या पारावर बसली.

उन्हं वर आली आणि भाव हलू लागले. चहा एका चिंचोक्याचा तीनला झाला. दोन जांब एकाचे चाराला. कुणालाच कळेना काय झालं. मॅडम दुकानादुकानाशी जाऊन विचारत होत्या, "काऊन वाढवला भाव?" आणि प्रत्येक जण म्हणत होता, "गिऱ्हाईक द्याले तयार आहे ना मॅडम." मग मूठ मूठ चिंचोके जाऊ लागले. किसनराव सर केव्हापासून त्या कोहळ्यावर नजर ठेवून होते. ते खिशातले चिंचोके घेऊन प्रसेनजितकडे गेले तर तो म्हणाला, "सर, एवढ्यात देठ येईन. पिशवी भरून आणा."

प्रतीक्षा प्रेरणापुढे बसली आणि तिने रुमाल सोडला. प्रेरणाने मान खाली घातली. "एवढ्यात एक बोट होईन प्रतीक्षा. मी तरी काय करू? मलेही चहा घ्याले ओंजळभर लागून राह्यले."

"सकाळी तर पाच म्हणत होती तू."

"सकाळी चहाही एकाचा होता."

प्रतीक्षा रडली नाही, पण तिचा आवाज बारीक झाला. "मी सगळ्यायच्या आधी इमानदारीनं लाडू इकले. काही उधळलं नाही. मंग माह्याच हातात काऊन काही नाही?"

ते ऐकून आजूबाजूचे दुकानदार एकमेकांना विचारू लागले, एवढे चिंचोके आले कुठून. आणि तेवढ्यात कुणीतरी गजेंद्रच्या टोपलीवरचं फडकं उचललं. जांबांखाली खताची जुनी पिशवी होती आणि ती चिंचोक्यांनी अर्धी भरलेली होती. गजेंद्रच्या शेतात चिंचेची झाडं होती. व्यापाऱ्याने न उचललेले गेल्या वर्षीचे चिंचोके घरी पोत्यात पडून होते. त्याने त्यातले आणले होते आणि सकाळपासून मैदानातला सगळा माल तो एकटा घेत सुटला होता.

मुलं त्याच्यावर धावली. दोन दुकानं आडवी झाली, चहाचं भांडं सांडलं. किसनराव सर ओरडत आले, "मॅडम, हे काय चाललंय? हा अभ्यास आहे का?" मी मध्ये पडून गजेंद्रला माझ्यामागे घेतलं. मला वाटलं, संपलं. अर्थशास्त्रही संपलं आणि बाईंची नोकरीही.

मॅडमनी ओरडणाऱ्या मुलांना गप्प केलं नाही. त्या पारावर चढल्या आणि म्हणाल्या, "गजेंद्र, इकडे ये. मी रागवणार नाही. मले फक्त सांग, पहिल्या मुठीत काय काय घेतलं?"

गजेंद्र चाचरत म्हणाला, "चार लाडू, मेंदी बहिणीसाठी, चहा, आणि सायकलची पंक्चर."

"आणि शेवटच्या मुठीत?"

"शेवटच्या मुठीत..." तो थांबला. "अर्धा कप चहा. मंग तेही देईनात. पिशवी देतो म्हटलं तरी कोणी हात लावेना."

"काऊन लावेना?" त्यांनी सगळ्यांना विचारलं.

"सगळ्यायपाशी झाले ना मॅडम," प्रसेनजित म्हणाला. "माल तेवढाच अन् चिंचोके ढीगभर. चिंचोक्याले कोण पुसते मंग?"

मॅडमनी दोन्ही हात वर केले. "ऐका रे सगळे. तो जे बोलला ना, त्याले चलनवाढ म्हणतात. मैदानात एक लाडू वाढला नाही, एक जांब वाढला नाही. वाढले फक्त चिंचोके. म्हणून भाव चढले. आणि मार कोणाले बसला? जिनं कमावून जपून ठेवले तिले." त्या प्रतीक्षाकडे वळल्या. "तू विचारलं ना, माह्याच हातात काऊन काही नाही. हाच प्रश्न आहे पोरी. मोठमोठ्या देशांत लोक हाच प्रश्न विचारतात."

किसनराव सर उभे होते ते पारावर टेकले.

मग पंचायत भरली. कुणी म्हणालं, सगळे सौदे उलटे करा. त्यावर लाडू खाऊन बसलेली अर्धी जनता हसली. कुणी म्हणालं, चिंचोके बंद, आजपासून निळ्या रिफिली चालवा, त्या कुणाच्या झाडाला लागत नाहीत. आणि खरं म्हणजे दोघातिघांनी तोवर कोपऱ्यात रिफिलीवर धंदा सुरूही केला होता. मॅडम धावत ते पाहायला गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांची ओढणी सांडलेल्या चहात भिजली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. "बुडीत नाण्यावरचा भरवसा उडाला का लोक दुसरं नाणं शोधतात," त्या मला म्हणाल्या, "मी हे कधी शिकवलंच नाही सर. अभ्यासक्रमातच नाही."

शेवटी मुलांचं एकमत झालं ते असं. जुने चिंचोके बाद. प्रत्येकाला थोडे नवे द्यायचे, आणि त्यांच्यावर प्रेरणाच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका. ठिपका नसेल तो चालणार नाही. सकाळी ज्यांनी माल विकला त्यांना विकल्याच्या प्रमाणात नवे जास्त मिळतील. ठिपके कुणी लावायचे यावर बराच वाद झाला, कारण आता कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता. मग गजेंद्रच म्हणाला, "प्रतीक्षाले द्या बाटली. ती लबाडी करणार नाही." प्रतीक्षा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने बाटली घेतली.

दुपारी बाजार परत सुरू झाला. भाव जवळजवळ सकाळच्या जागी आले. किसनराव सरांना कोहळं मिळालं आणि ते काखेत घेऊन सर स्वतः ऑफिसात गेले. प्रतीक्षाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भरले, पण मेंदी ओली असल्याने तिला बाटली धरता येईना, म्हणून उरलेला वेळ ती पारावरून तोंडी हुकूम सोडत राहिली आणि ठिपके गजेंद्र लावत होता, तिच्या नजरेसमोर.

सोमवारी सरांनी मॅडमना बोलावलं. मीही बरोबर गेलो. सर म्हणाले, "मॅडम, मी वाणिज्यचा पदवीधर आहे. चलनवाढीवर मी परीक्षेत चार पानं लिहिली होती. पण खिशात हात घालून कोहळं न मिळण्याचा अनुभव मले परवा आला." पुढच्या वर्षी बाजार परत भरवा, असं ते म्हणाले, पण चहाची जबाबदारी मोठ्या माणसाकडे द्या.

पुढच्या जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी मुलं रांगेत विचारत होती, "चिंचोक्याचा विषय कोणता?" वर्ग भरला, चित्रकलेच्या खोलीतून बाकडी आणावी लागली. तरी मॅडमची नेमणूक लगेच कायम झाली नाही. आणखी काही वर्षं त्या तासांवरच शिकवत राहिल्या, उन्हाळ्यात मेहकरला शिकवण्या घेत राहिल्या. नोकरी पक्की झाल्याचा कागद आला तेव्हा अकीलभाई अमडापूरहून आले आणि स्टाफरूममधल्या खुर्च्यांसाठी नव्या गाद्या भरून देऊन गेले. मोबदला विचारला तर त्यांनी चहा मागितला.

प्रतीक्षा बी.कॉम. झाली, आता बुलढाण्याला एका पतसंस्थेत काम करते. गजेंद्र शेती करतो आणि चिंच, चिंचोके थेट कारखान्याला पाठवतो. प्रसेनजितने बुलढाण्याला अर्थशास्त्रात एम.ए.ला प्रवेश घेतला, आणि त्याचा त्याला स्वतःलाच अजून अचंबा वाटतो.

मी निवृत्त होऊन मेहकरला राहतो. बाजार दर वर्षी भरतो आणि दर वर्षी मुलं तो नव्या तऱ्हेने मोडतात. एका वर्षी दोन चहावाल्या मुलींनी संगनमत करून भाव बांधला, तर तिसरीने दुपारी स्वस्तात सरबत काढून त्यांना झोपवलं. एका वर्षी कुणी उधारीची चिठ्ठी काढली आणि ती चिठ्ठीच हातोहात फिरू लागली.

यंदाच्या बाजाराच्या दिवशी मी घरी जेवत होतो. मॅडमचा फोन आला. मागे मुलांचा एवढा कल्ला की त्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

"सर, जेवण सोडा. एक पोट्टी पारावर बसून सगळ्या दुकानदारांकडून एकएक चिंचोका गोळा करून राह्यली. ज्याचा माल सांडला, सडला, त्याले त्यातून भरपाई देणार म्हणते. मी तिले विमा शब्द कधी सांगितला नाही सर, कधीच नाही. आताच एकाचे टमाटे सांडले. तो भरपाई मागाले आला आणि दुसरा म्हणते यानं मुद्दाम सांडले. आता ती काय करते ते पाहाचं आहे. येता का?"

"त्या टमाट्यांचा निकाल मी येईपर्यंत थांबवून ठेवा," मी म्हणालो. ताट तसंच झाकून ठेवलं आणि जानेफळची बस गाठायला निघालो.